बंदुका थांबल्या की गाव लगेच कमवायला लागतं का? सशस्त्र बंडाचं अर्थकारण, सोप्या भाषेत

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. त्याआधी मे महिन्यात अबूझमाडच्या जंगलात त्यांचा सरचिटणीस बसवराजू चकमकीत मारला गेला होता, नंतर नोव्हेंबरात त्यांचा लढाऊ कमांडर हिडमा. तेव्हापासून आमच्या नांदेड-किनवट भागातल्या ग्रुपवर हाच विषय फिरतोय की आता गडचिरोली स्टील हब होणार, कोनसरीच्या कारखान्यात भरती निघणार, आपल्याकडची आयटीआय झालेली पोरं तिकडं जाणार. जाऊ द्या की, चांगलंच आहे. पण त्याच गप्पांत एकानं विचारलं की बंड होतं म्हणून तो जिल्हा मागं राहिला, का मागं होता म्हणून बंड झालं? यावर कुणालाच धड बोलता आलं नाही.

प्रश्न साधा वाटतो पण जगभरचे अर्थतज्ज्ञ यावर वीस-पंचवीस वर्षं झटतायत. आणि आपण मराठवाड्याच्या लोकांनी तर यात जास्तच लक्ष घालायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण एकीकडं आदिलाबादचं जंगल आपल्या किनवट-माहूरला खेटून आहे आणि दुसरीकडं आपले आजे-पणजे स्वतः निजामाविरुद्धच्या 1946 ते 1948 च्या बंदुकांमधून गेलेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग एकेक करून बघू. बंडात जे जळतं ते सगळ्यांना दिसतं, खरा मोठा घाटा त्या कामांचा असतो जी कधी सुरूच झाली नाहीत. आणि तो घाटा पुढं भरून निघतो का नाही हे शांततेनंतर पैसा कुणाच्या हातात जातो यावर ठरतं.

आधी, सशस्त्र बंड म्हणजे नेमकं काय

दंगल दोन दिवसात शमते, दरोडेखोर माल घेऊन पळतात. सशस्त्र बंड म्हणजे एखादा संघटित गट शस्त्र घेऊन म्हणतो की या भागात सरकारचं चालणार नाही, आमचं चालेल. आणि तो तिथंच राहतो. कर गोळा करतो, भांडणं मिटवतो, शिक्षा देतो, कोणता रस्ता होऊ द्यायचा आणि कोणता नाही ते ठरवतो. म्हणजे एकाच गावावर दोन सत्ता बसतात. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

भारतातल्या सगळ्यात लांबलेल्या अशा बंडांपैकी एक म्हणजे नक्षलवाद. 1967 ला बंगालातल्या नक्षलबारीपासून नाव पडलं, 1980 मध्ये तेलंगणाकडं पीपल्स वॉर ग्रुप उभा राहिला, त्यांची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरीकडं आली, आणि 2004 मध्ये दोन मोठे गट एक होऊन आजची माओवादी पार्टी झाली. सरकारी आकड्यांप्रमाणे 2010 साली देशात या हिंसेच्या 1936 घटना झाल्या, 2024 मध्ये 374. तेव्हा उतार आलाय यात शंका नाही.

जळालेला टिप्पर हा सगळ्यात छोटा खर्च असतो

1 मे 2019, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला रस्त्याच्या कामावर उभी असलेली पंचवीसेक वाहनं माओवाद्यांनी रात्रीतून जाळली. तिकडं निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ सुरुंगानं उडवली, 15 पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. त्या माणसांची किंमत कुठल्याच हिशोबात बसत नाही, ती बाजूला ठेवूनच पुढं बोलतोय.

आता एका जळालेल्या टिप्परकडं जवळून बघा. तो टिप्पर सहसा मोठ्या कंपनीचा नसतो. कुणीतरी फायनान्सवर काढलेला असतो, महिन्याच्या भाड्यानं ठेकेदाराकडं लावलेला असतो, ड्रायव्हर कुठला तरी बाहेरचा. टिप्पर जळाला तरी हप्ता थांबत नाही. क्लेमसाठी एफआयआर, पंचनामा, सर्व्हेअर, मग कागदं, मग परत कागदं. तोपर्यंत बाकीच्या मालकांना निरोप जातो आणि जो तो आपापली गाडी, जेसीबी, रोलर काढून घेऊन जातो. काम बंद. पुढच्या वेळी त्या रस्त्याचं टेंडर निघतं तेव्हा कुणी भरत नाही, परत काढलं तरी कुणी भरत नाही, शेवटी जो भरतो तो धोक्याची रक्कम धरून चढा रेट टाकतो आणि मग ज्या पैशात दहा किलोमीटर रस्ता व्हायचा त्यात सहाच होतो. म्हणजे जाळपोळीत गेले काही लाख, पण त्या गावाला रस्ता मिळायचा राहिला तो घाटा वर्षानुवर्षं चालू. रस्ता नाही म्हणून शिक्षक यायला तयार नाही, बाळंतीण खाटेवर न्यावी लागते, आणि व्यापारी येतच नाही किंवा आला तर पाडून भाव देतो कारण दुसरा कुणी येणार नाही हे त्याला माहीत असतं.

हे कसं चालतं ते जालन्याकडच्या शेतकऱ्याला पटकन कळेल. मोसंबीची बाग लावली तर धड फळ धरायला चार-पाच वर्षं जातात, तोवर नुसता खर्च. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसात मोंढ्यावर. पुढच्या पाच वर्षात विहिरीला पाणी राहील का याचा भरवसा नसला की माणूस मोसंबीच्या नादी लागत नाही, सोयाबीन पेरून मोकळा होतो. 2012-13 च्या दुष्काळात वाळलेल्या बागा ज्यांनी स्वतःच्या हातानं तोडल्या त्यांना परत लावताना किती जीवावर आलं ते आपण बघितलंय. बंडाच्या भागात पाण्याच्या जागी भरवसाच आटतो. तिथं सगळं गाव, सगळा तालुका 'सोयाबीन'च पेरतो, म्हणजे ज्यातून लवकर पैसा सुटेल आणि गरज पडली तर सोडून पळता येईल तेवढंच करतो. पिठाची गिरणी, कोल्ड स्टोरेज, दोन मजली दुकान, इंजिनीअरिंग कॉलेज ही सगळी 'मोसंबी'. ती कुणी लावत नाही. अर्थतज्ज्ञ याला अनिश्चिततेचा खर्च म्हणतात.

पण जे झालंच नाही ते मोजायचं कसं?

ही शंका रास्त आहे. जे झालंच नाही त्याचा आकडा काढणं म्हणजे हवेत बाण मारणं वाटतं. यावर 2003 मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी, अबादी आणि गार्देआझाबाल यांनी, एक फार हुशार मार्ग काढला.

स्पेनमध्ये बास्क नावाचा प्रांत आहे. 1970 च्या सुमारास तो देशातल्या सगळ्यात श्रीमंत प्रांतांपैकी, कारखाने वगैरे भरपूर. तिथं ईटीए नावाच्या सशस्त्र संघटनेनं स्वतंत्र देशासाठी बॉम्ब, खून, उद्योगपतींचं अपहरण, खंडणी हे सगळं केलं, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ते फार वाढलं. आता बंड नसतं तर बास्क कुठं असता? या दोघांनी स्पेनच्या बाकी शांत प्रांतांचं असं मिश्रण तयार केलं जे बंडाच्या आधी हुबेहूब बास्कसारखं चाललं होतं, त्यात मुख्य वाटा कॅटालोनिया आणि माद्रिदचा होता. मग हा कागदावरचा बास्क आणि खरा बास्क यांची पुढच्या वर्षांत तुलना केली. फरक आला दरडोई उत्पन्नात साधारण 10 टक्क्यांचा. पूर्ण प्रांत, दरवर्षी, दर माणशी दहाव्या हिश्श्यानं गरीब. अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली जी मला जास्त पटली, ती अशी की 1998-99 मध्ये ईटीएनं शस्त्रसंधी जाहीर केली तेव्हा बास्कमध्ये धंदा असलेल्या कंपन्यांचे शेअर बाकीच्यांपेक्षा वर गेले आणि शस्त्रसंधी मोडली तसे खाली आले. कारखाने तेच, कामगार तेच, फक्त भरवसा आला आणि गेला.

आणि लक्षात घ्या, बास्क हा रस्ते, बँका, शाळा सगळं असलेला श्रीमंत प्रांत होता. पूर्ण यादवी युद्ध पेटलेल्या देशांचा हिशोब पॉल कॉलियर या अर्थतज्ज्ञानं केला होता, त्यात युद्ध चालू असताना दरवर्षी वाढीचा दर साधारण 2.2 टक्के-अंकांनी कमी पडतो (म्हणजे 5 असायचा तो 2.8) असं निघालं. दहा-पंधरा वर्षं असं चाललं तर देश एक पिढी मागं जातो.

दोन सत्ता, दोन वसुल्या

गडचिरोलीत उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. दिवस उजाडायच्या आत अख्खं घर जंगलात, पानं तोडायची, घरी आणून पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. वर्षभरातली रोख रक्कम हातात यायची ती याच पंधरा-वीस दिवसात. या धंद्यात माओवाद्यांची ठेकेदाराकडून वसुली ठरलेली असायची. आता ठेकेदार ती रक्कम स्वतःच्या घरून देतो का? तो ती भावातच धरणार. म्हणजे पान तोडणारी बाई सरकारच्या नियमात बसते आणि वर बंडखोरांच्या वसुलीतही, आणि दोन्हीच्या बदल्यात तिच्या गावाला ना दवाखाना ना रस्ता.

वसुलीपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे पैसा दिसू द्यायचा नाही ही सवय. घर पक्कं बांधलं, ट्रॅक्टर घेतला, तालुक्याला वारंवार चकरा मारल्या की एका बाजूला वाटतं हा पोलिसांचा खबऱ्या, दुसऱ्या बाजूला वाटतं हा नक्षल्यांना पुरवतो. दोन्हीकडून जीवाला धोका. अशा गावात माणूस कमावलं तरी लपवून ठेवतो, धंद्यात घालत नाही.

सुरजागडचं उदाहरण घ्या. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरात लोहखनिज आहे, खाणीचा पट्टा 2007 ला मंजूर झाला. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी तिथं पाऊणशेच्या वर वाहनं जाळली. खाण खऱ्या अर्थानं सुरळीत चालू झाली 2021 पासून, म्हणजे मंजुरीनंतर चौदा वर्षं. खाण व्हावी का नाही हा वेगळा वाद आहे, तिथल्या अनेक ग्रामसभांचा तिला विरोध होता आणि तो विरोध बंदुकीशिवायचा, हक्काचा होता, त्याबद्दल खाली बोलू. इथं मुद्दा इतकाच की बंदूक मध्ये आली आणि ना खाणीचा पैसा आला ना ग्रामसभेचं म्हणणं धड ऐकलं गेलं, कारण कुणीही विरोधात बोललं की तो नक्षल समर्थक ठरायचा.

आणि नुकसान एकाच बाजूची बंदूक करते असंही नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये 2005 ला माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्यानं सलवा जुडूम नावाचं गावकऱ्यांचं सशस्त्र दल उभं केलं, गावंच्या गावं रिकामी करून लोकांना रस्त्याकडेच्या कॅम्पात आणलं, हजारो आदिवासी घरदार सोडून पलीकडं आंध्रात, आजच्या तेलंगणात गेले. सुप्रीम कोर्टानं जुलै 2011 मध्ये हे बेकायदा ठरवलं. तोपर्यंत किती वावरं पडीक पडली, किती गुरं गेली, याची भरपाई कोण देणार?

लेकरांचं नुकसान सगळ्यात उशिरा दिसतं

रस्ता दहा वर्षांनी का होईना बांधता येतो. सातवीत शाळा सुटलेलं पोरगं तिशीत परत सातवीत बसत नाही. पेरूमध्ये 1980 पासून शायनिंग पाथ नावाच्या माओवादी गटाचं बंड चाललं. ज्या भागात हिंसा झाली तिथं शाळेच्या वयाच्या आधी ती अनुभवलेली लेकरं मोठेपणी सरासरी 0.3 वर्ष कमी शिकलेली निघाली. आकडा छोटा वाटेल, पण ही सरासरी आहे, काहींचं काहीच बिघडलं नाही तर काहींची पूर्ण शाळा गेली. उत्तर युगांडात बंडखोरांनी जी मुलं पळवून नेली होती ती परत आल्यावर त्यांचं शिक्षण बाकीच्यांपेक्षा वर्षाच्या आसपास कमी भरलं आणि कमाई एक तृतीयांशानं कमी. पळवलेल्या मुलांचं डोकं कमी नव्हतं, त्यांची शिकायची वर्षं बंदूक वाहण्यात गेली.

आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या मुकादमाच्या टोळीबरोबर लेकरं जातात, त्यांची शाळा दिवाळीनंतर सुटते ती उन्हाळ्यातच. बीड, परळी, गंगाखेडकडच्या शिक्षकाला विचारा त्या पोरांचं पुढं काय होतं. इथं बंदूक नाही, हंगामी शाळा, वसतिगृहं असे काही ना काही प्रयत्न तरी होतात. तिकडं शाळेच्या इमारतीतच पोलीस उतरायचे आणि पोलीस उतरतात म्हणून बंडखोर इमारत उडवायचे, अशा किती शाळा बस्तरात गेल्या.

पण गरिबीमुळंच बंड होतं ना, मग दोष कुणाला द्यायचा?

ही हरकत सगळ्यात जास्त येते आणि अर्धी खरी आहे. आफ्रिकेतल्या 41 देशांचा 1981 ते 1999 चा अभ्यास आहे, त्यात पाऊस कमी पडला की शेती बुडते, आणि वाढीचा दर 5 टक्के-अंकांनी पडला तर पुढच्या वर्षी यादवी संघर्षाची शक्यता निम्म्यानं वाढते असं दिसलं. हाताला काम नाही, घरी खायला नाही, तेव्हा बंदूक देणारा माणूस जेवण तरी देतो, हे समजण्यासारखं आहे.

पण मग निजाम गेल्यावर मराठवाड्यात बंड का नाही झालं? दुष्काळ आपल्याकडं कमी का? सोयाबीन हमीभावाच्या खाली विकायचं, कर्ज, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, अनुशेषाचं रडगाणं तर 1984 च्या दांडेकर समितीपासून चालूच आहे. तरी लातूरच्या, हिंगोलीच्या पोरानं बंदूक नाही उचलली. माझ्या मते याची कारणं गरिबीच्या बाहेर आहेत. किनवट-माहूर सोडलं तर आपला मुलूख उघडा, लपायला जंगल नाही. आमदार, झेडपी मेंबर शिव्या घालायला का होईना सापडतो. मोर्चा काढता येतो, पुण्याला निघून जाता येतं. आणि एक मोठं कारण म्हणजे रोजगार हमी. 1972 च्या दुष्काळात आपल्या म्हाताऱ्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, सुकडी खाल्ली, त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला आणि तोच विचार 2005 मध्ये देशाचा कायदा झाला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की पाऊस गेला की हिंसा वाढते हे जे नातं होतं ते देशभर ही योजना आल्यावर बरंच सैल झालं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण ज्या खडीच्या कामांना लोक नावं ठेवतात त्यांनी किती माणसं वाचवली याचा हिशोब कुणी मांडत नव्हतं.

मग फक्त पैसा ओतला की बंड थांबतं का, तर तेही नाही. कोलंबियातला अभ्यास बघा. तिथं कॉफीचे भाव पडले तेव्हा कॉफीच्या भागात हिंसा वाढली, कारण कॉफी तोडायला माणसं लागतात, भाव पडला की मजुरी पडते आणि पोरं बंदुकीकडं वळतात. पण तेलाच्या भागात उलटं, तेलाचे भाव वाढले की हिंसा वाढली, कारण तेलाला मजूर कमी लागतात आणि लुटायला रक्कम मोठी सापडते. म्हणजे पैसा आला एवढं पुरत नाही, तो मजुरीतून घरोघरी आला का एका जागी साठला ते बघावं लागतं. तेंदू आणि बांबू हे कॉफीच्या जातीचे. लोहखनिज तेलाच्या जातीचं. स्टील हबचं कौतुक करताना हा फरक विसरून चालणार नाही.

बंडानं काहीच चांगलं झालं नाही का?

खरं तेच लिहायचं तर काही झालं. ऐंशीच्या दशकात दलमं गडचिरोलीत आली तेव्हा तेंदूच्या पुडक्याचा आणि बांबू तोडायचा दर फार कमी होता, जंगल खात्याचा शिपाई कोंबडी घेऊन जायचा, दलमांच्या धाकानं दर वाढले. तिथली जुनी माणसं हे सांगतात आणि ते खोटं नाही. पण धाकानं वाढलेला दर धाक असेपर्यंतच, आणि धाक दाखवणाऱ्याला विचारायची सोय नाही. पुढं त्याच दलमांनी खबऱ्या म्हणून गरीब आदिवासींचेच गळे कापले.

आता आपल्या घरचं बघू. 1946 ते 1951 तेलंगणात निजाम आणि देशमुखांविरुद्ध शेतकऱ्यांचं सशस्त्र बंड झालं, वेठबिगारी मोडली, कम्युनिस्टांच्या सांगण्यानुसार सुमारे 3000 गावांत 10 लाख एकर जमीन वाटली गेली. मराठवाड्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा होता, सरहद्दीवर कॅम्प होते, तिथून येऊन निजामाचे करोडगिरी (जकात) नाके जाळायचे, पटवाऱ्यांची दफ्तरं जाळायची, 1948 मध्ये उमरीची बँक लुटली ती याच लढ्यासाठी. नाके आणि दफ्तरंच का? कारण सरकारचा पैसा तिथून यायचा, सक्तीची लेव्ही, म्हणजे धान्याची वसुली, तिथं नोंदायची. बंडाला राज्याची तिजोरीच कोरडी करायची असते. या लढ्याचा मला अभिमान आहे. तो न्यायाचा होता, रझाकारांनी गावंच्या गावं छळली होती, दुसरा रस्ता उरला नव्हता.

पण न्यायाच्या लढ्याचीही किंमत असते आणि ती आपण फारशी मोजली नाही. गावं रात्रीतून सरहद्दीपलीकडं गेली, पेरण्या राहिल्या, भारत सरकारनं केलेल्या आर्थिक नाकेबंदीमुळं औषधं-पेट्रोल मिळेना. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सूडापायी मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं संस्थानभरात किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला होता, आणि सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढं आलाच नाही. रझाकारांची पापं त्या विणकराच्या, कासाराच्या, छोट्या दुकानदाराच्या माथी मारणं हा अन्याय होता, आणि निव्वळ पोटापाण्याच्या हिशोबानं बघितलं तरी एका गावातून कारागीर गेला की त्याचं कसब जातं, उधारीची वही जाते, बाजारातला एक ओटा कायमचा रिकामा होतो.

आणि फायदा? तो कायद्यातून आला. 1949 ला जहागिऱ्या गेल्या, 1950 ला हैदराबादचा कूळ कायदा आला. आजही मराठवाड्यातल्या तहसीलात कुळाला मालकी देणाऱ्या कलम 38 ई ची प्रकरणं चालतात ती त्याच कायद्याची. कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली तेव्हा कुठं त्यानं विहीर खोदली. म्हणजे तिथंही बंदुकीनं दार उघडलं असेल, पण माणसाला 'मोसंबी' लावायचा भरवसा दिला तो सात-बारानं.

मग आता बंदुका थांबल्यात, पुढं काय?

काही लोक म्हणतात की एवढी चिंता कशाला, व्हिएतनामवर अमेरिकेनं किती बॉम्ब टाकले, आज बघा कुठं आहे. हे पण खरं आहे. अभ्यास आहे की जास्त बॉम्ब पडलेले जिल्हे पंचवीसेक वर्षांनी बाकीच्यांपेक्षा गरीब राहिले नव्हते. पण तिथं युद्धानंतर एकच सत्ता उरली, तिनं बांधकामावर जोर दिला, लोक गावाला परतले. उलट कोलंबियात 2016 मध्ये फार्क या बंडखोर गटाशी करार झाला, ते जंगलातून निघाले आणि त्यांच्या जाण्यानं मोकळ्या झालेल्या भागात जंगलतोड वाढली, कारण बंडखोर गेले पण त्यांच्या जागी सरकार पोचायच्या आत जमीन बळकावणारे पोचले. गडचिरोलीला मला भीती वाटते ती याची.

चांगलं होतंय ते पण दिसतंय. 1 जानेवारी 2025 ला गर्देवाडा ते अहेरी एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. लाल डबा गावात येणं म्हणजे काय हे आपल्याला कळायचं नाही इतकी आपल्याला त्याची सवय आहे. बाई भाजी घेऊन तालुक्याला जाते, पोरगी अकरावीला जाते, दोन व्यापारी यायला लागले की भाव सुधारतो.

पण खाणीच्या पैशाचं काय? 2015 पासून कायदा आहे की खाणवाल्यानं रॉयल्टीवर जास्तीची ठराविक रक्कम जिल्हा खनिज निधीत भरायची, जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या नव्या पट्ट्यांना 10 टक्के, आणि तो निधी खाणीनं बाधित झालेल्या गावांवरच खर्च करायचा. त्या निधीतून एटापल्लीच्या गावात दवाखाना होतो का जिल्ह्याच्या गावी सुशोभीकरण, हे तिथल्या ग्रामसभेनं आणि तिथं नोकरीला जाणाऱ्या आपल्या पोरांनी पण विचारलं पाहिजे.

दुसरा रस्ता त्याच जिल्ह्यात आहे, धानोरा तालुक्यात. मेंढा-लेखा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं म्हणणारं गोंडांचं छोटं गाव. चहूबाजूला बंड चालू असताना या लोकांनी ना बंदूक घेतली ना ठेकेदार, वर्षानुवर्षं सभा घेत राहिले, सगळ्यांची संमती झाल्याशिवाय निर्णय नाही. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली जवळपास 1800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेकडं आला आणि पहिल्याच हंगामात बांबू विक्रीचा आकडा कोटीत गेला. मजुरी गावात, नफा ग्रामसभेच्या खात्यात, हिशोब सगळ्यांसमोर. नंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली.

हा वनहक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) फक्त गडचिरोलीसाठी नाहीत. आपल्या किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात, गोंड, कोलाम, आंध वस्ती, साग-तेंदूचं जंगल, सगळं तेच. तिथं बंड पेटलं नाही म्हणून बातमी होत नाही. पण सामूहिक वनहक्काचा दावा दाखल करता येतो, आधी ग्रामसभेत वनहक्क समिती नेमायची, जंगलाचा वापर दाखवणारे पुरावे आणि जुन्याजाणत्यांचे जबाब जोडून नकाशा काढायचा, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा आणि तो उपविभागीय समितीकडं पाठवायचा. तिथून जिल्हा समितीकडं. दावा अडवला तर साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडं दाद मागता येते, कागद हरवू देऊ नका, पोच घ्या.